इंटर्नशिपच्या मुलाखतीत प्रोग्रॅमिंगची कोडी घालणं बरोबर की चूक?

खाडीकाठ:
पुतणी रत्नागिरीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा एका कंपनीची मुलाखत झाली. प्रश्न असा: 1 लाख आकड्यांतून दिलेली बेरीज होणारी जोडी शोधा. तिला येत होतं, पण 20 मिनिटं तोंडातून शब्द नाही, नुसती टायपत राहिली. नापास.

मी स्वतः मुलाखती घेतो. कोडी घालणं बरोबरच आहे, आपली पोरं मार खातात ती गप्प राहून. प्रत्येक जोडी तपासायची तर जवळजवळ 500 कोटी जोड्या होतात. तेच, पाहिलेला आकडा हॅशमॅपमध्ये, म्हणजे कुठलाही आकडा झटकन सापडेल अशा नोंदवहीत, टाकत गेलं आणि पुढच्या आकड्याचा जोडीदार तिथे आहे का बघत गेलं, की एका फेरीत काम होतं. पहिल्यावरून दुसऱ्यावर पोरगी कशी येते, ते मला ऐकायचं असतं. अडखळत बोलली, मध्येच मराठी आलं, तरी चालतं.

पाणंद:
अजिबात पटलं नाही. नोकरीत दुसऱ्याचा जुना कोड वाचायचा असतो, बग शोधायचा असतो. होमब्रू हे मॅकवर सॉफ्टवेअर बसवायचं साधन लिहिणाऱ्या मॅक्स हॉवेलनं 2015 मध्ये ट्विट केलं होतं, की बायनरी ट्री (माहितीची झाडासारखी मांडणी) उलटा करता आला नाही म्हणून गूगलनं नाकारलं. तिथे त्याची ही गत, तर आमच्या पोरांनी काय करावं? पुण्यात सीनियर बसवून सराव घेतात. आमच्या कॉलेजात विचारायला माणूस नाही. त्यापेक्षा बिघडलेला प्रोग्रॅम द्या, म्हणावं दुरुस्त कर.

खाडीकाठ:
बिघडलेला प्रोग्रॅम समोर बसवून दुरुस्त करून घ्यायला माझी ना नाही. घरी करायला दिला, तर तो कुणी केला हे मला कसं कळणार?

सड्यावरची:
आणि लाइटचं काय? जुलैत लेकाची ऑनलाइन मुलाखत होती. दापोलीत पाऊस कोसळत होता, बरोबर वेळेला लाइट गेली, राउटर बंद. छत्री धरून रेंजसाठी सड्यावर धावला, तोवर मेल आला: ‘उमेदवार गैरहजर’. त्यानं दोनदा लिहिलं, उत्तरही नाही. कोडं सुटेल की नाही हे नंतरचं हो!

पाणंद:
ताई, हेच म्हणतोय मी. परीक्षा सगळ्यांना सारखी नाहीच.

खाडीकाठ:
ताई, हा सरळ अन्याय आहे. दुसरी वेळ द्यायलाच हवी होती, मी देतो. कोड्यांबद्दलचं मत मात्र तेच. पुतणी सध्या कुडाळला घरी आहे. रोज संध्याकाळी ओटीवर बसून एक कोडं मोठ्यानं बोलत सोडवते. काल आजीनं मध्येच विचारलं, “मगे तो आकडो ठेवलंस खंय?” पोरगी थांबली, आणि पहिल्यांदा हॅशमॅप नीट समजावून सांगितला.