पंधराचे अवयव पाडणाऱ्या यंत्रासाठी ६ हजार कोटी?

मामांचा फॉरवर्ड आला: "क्वांटम संगणक आला, आता बँकेची कुलुपं उघडी!" म्हणून हा धागा.

पीटर शोर यांनी मोठ्या संख्येचे अवयव झटपट पाडायची रीत १९९४ मध्ये दिली. २००१ मध्ये आयबीएमने तिने १५ = ३ × ५ काढलं, २०१२ मध्ये कुणी २१ पर्यंत पोचलं. बँकेचं कुलूप टिकतं ते मोठ्या संख्येचे अवयव कुणाला पाडता येत नाहीत म्हणून, आणि ती संख्या ६१७ अंकी! आणि आपल्या सरकारने २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३ कोटी मंजूर केले. माझं मत: बडा घर पोकळ वासा.

बोरूबहाद्दर: असहमत. १५-२१ हे मापच चुकीचं. खरी अडचण चुकांची. क्यूबिट (क्वांटम संगणकातला 'बिट', माहितीचा सगळ्यात लहान तुकडा) जरा धक्का लागला की बिघडतो. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलच्या 'विलो' चिपवर क्यूबिटांची जाळी मोठी केली, तशी चूक दर टप्प्याला निम्म्याहून कमी झाली. आधी जितके क्यूबिट जास्त, तितका गोंधळ जास्त असायचा. शिवाय आज चोरून ठेवलेला मजकूर दहा वर्षांनी उलगडता येईल, त्याचं काय? अमेरिकेच्या निस्टने (मानकं ठरवणारी सरकारी संस्था) २०२४ मध्येच क्वांटम संगणकालाही न उघडणाऱ्या नव्या कुलपांची मानकं काढली, ती उगाच नाही.

धागाकर्ता: त्याच विलोची जाहिरात कशाची झाली? कुणालाच नको असलेल्या गणिताची. २०१९ मध्येही गूगल म्हणालं, आमच्या क्वांटम चिपने केलेल्या तसल्याच गणिताला महासंगणकाला १०,००० वर्षं लागतील. आयबीएम म्हणालं, अडीच दिवस!

विहिरीतला बेडूक: दोघेही थांबा. क्वांटम संगणक "सगळी उत्तरं एकदम तपासतो" असं सगळीकडे सांगतात, ते आधी डोक्यातून काढा. मोजलं की हाती एकच उत्तर येतं. विहिरीत दोन दगड टाकले की लाटा कुठे एकमेकींना मारतात, कुठे उंचावतात. तसं चुकीची उत्तरं मरतील अशी मांडणी करावी लागते, आणि ती मोजक्याच प्रश्नांना जमते. (म्हणून एक्सेल शीट वेगात उघडणार नाही, मामांना सांगा.)

दुसरं, ते ६ हजार कोटी नुसत्या संगणकाचे नाहीत. त्याच मिशनचं संवेदकांचं (सूक्ष्म मोजमाप करणाऱ्या साधनांचं) केंद्र आयआयटी मुंबईत आहे. 'नाविक' या आपल्या देशी जीपीएसच्या पहिल्या उपग्रहातली तिन्ही आयात अणुघड्याळं बंद पडली होती, आठवतंय? तेही क्वांटमच.

धागाकर्ता: घड्याळांचं मान्य, तेवढे शब्द मागे. संगणकाबद्दल मत तेच. २१ च्या पुढचा आकडा चलाखी न करता निघाला, की धागा वर काढा.

बोरूबहाद्दर: काढतो. तोवर तुम्ही जुनंच कुलूप ठेवा.