बोलेरो पिकअप मागून तीन इंच खाली घ्यायची आहे, स्प्रिंगचे पाटे काढू का?

सुहास_परळ
मंडळी, माझं मंडप आणि साउंडचं काम आहे. गाडी बोलेरो पिकअप, 1.3 टनवाली. माल कधीच पूर्ण भरत नाही. स्पीकरच्या पेट्या, ट्रस, गालिचे मिळून फार तर पाच-सहाशे किलो. पण रिकामी गाडी मागून अशी चढून उभी राहते की फाळका उघडला तरी हौदा पोरांच्या कमरेच्या वर. बासची पेटी चढवायला चौघं लागतात आणि आमच्या चाळीच्या गल्लीत चौघांना धड उभं राहायला जागा नाही. गणपतीच्या आधी गाडी मागून तीन इंच बसवायची आहे. एक गॅरेजवाला म्हणतो, "खालचे दोन पाटे काढतो, ब्लॉक (ठोकळा) टाकतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा." करू का? दिसायलाही बरी दिसेल, खोटं कशाला बोलू.

निल्या_47
कर बिनधास्त. माझ्या चुलतभावाने काढलेत दोन पाटे. आधी रिकामी गाडी नुसती उडायची, आता कशी मऊ चालते.

पाटेवाले_काका
सुहास, जरा थांब. मी कळंबोलीत पाट्यांचंच काम करतो, त्यामुळे लांबण लागेल.

आधी गाडीखाली वाकून बघ. वरचे पाटे कमानीत वळलेले आणि सगळ्यात खाली एक जाड, जवळपास सरळ पाटा दिसतोय? तो रिकाम्या गाडीत काहीच काम करत नाही. माल भरला, वरचे पाटे दबले, की मग तो भार घेतो. तो काढलास तर गाडी खाली येणार फक्त त्याच्या जाडीएवढी, म्हणजे अर्धा इंच धर. आणि नेमका भरल्या गाडीचा आधार गेला.

मधले काढलेस तर गाडी बसेल, पण त्यांचा भार सगळ्यात वरच्या मेन पाट्यावर येतो. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. 8 मिलिमीटरचा आणि 10 मिलिमीटरचा पाटा शेजारी ठेव, फरक दोनच मिलिमीटरचा, पण 10 वाला जवळजवळ दुप्पट कडक. म्हणून "दोनच पाटे काढले" याला अर्थ नाही, कुठले काढले ते सांगा. आणि मेन पाटा नुसता वजन झेलत नाही, हाउसिंगला, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलला, जागेवर धरतो. तो डोळ्यापाशी, म्हणजे टोकाच्या कडीपाशी, तुटला तर चाक तिरकं होऊन हौद्याला घासायला लागतं. नीलेश, चुलतभावाला म्हणावं, मेन पाट्याला डोळ्याजवळ चीर आहे का ते बॅटरी मारून बघ.

आता ब्लॉक. या गाडीत पाटा हाउसिंगच्या वर बसतो. मध्ये ब्लॉक घातला तर गाडी उचलली जाते, खाली येत नाही! ब्लॉकने खाली आणायची तर पाटे हाउसिंगच्या खाली लटकलेले हवेत. पाटे खाली घेऊन हाउसिंग वर चढवणारेही आहेत, पण त्यात गाडी पाच-सहा इंच एकदम बसते, हाउसिंग चासीला आपटतं, मग चासी कापा. धंद्याच्या गाडीला हे कोणी सांगितलं तर तिथून चहाही न पिता निघ.

राहिला एकच रस्ता. पाटे उतरवून प्रेसवर थंडच दाबून कमान कमी करायची. गॅस लावून तापवायचे नाहीत, तापवला की स्टीलचं पाणी उतरतं आणि पाटा तिथेच बसतो नाहीतर मोडतो. कमान सरळ झाली की पाट्याची लांबी वाढते आणि शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारा दुवा) मागे कलतं. तीन इंच सरळ केलेस तर भरल्या गाडीत पाटे उलटे वाकतील. एक, फार तर दीड इंच.

एक गोष्ट कोणी बघत नाही, ती ब्रेकची. हाउसिंगपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक सळी किंवा स्प्रिंग गेलेली असेल. हौदा जेवढा खाली, तेवढा माल जास्त, असं तो व्हॉल्व्ह समजतो आणि मागच्या ब्रेकला तेवढं प्रेशर सोडतो. तू गाडी कायमची खाली बसवलीस की रिकाम्या गाडीतही त्याला माल भरलाय असंच वाटणार. पावसात पुलाच्या उतारावर जरा जोरात ब्रेक दाबलास की मागची चाकं जाम होतात आणि हौदा पुढे यायला बघतो. पाट्यांना हात लावलास तर ती सळी नव्याने सेट करून घ्यायचीच. हेडलाइटही खाली घे, नाहीतर समोरचा शिव्या घालेल.

वकील_नाही_पण
काकांच्या बोलण्यात कागदाची भर. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. आरसीवरच्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ खाली नियमबाह्य बदलाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय तुझी गाडी मालवाहू, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग. तिथे गायब पाटा लपत नाही.

सुहास_परळ
काका, बघितलं. खालचा सरळ पाटा आहे आणि सळीपण आहे. गॅरेजवाल्याला ब्लॉकचं विचारलं तर म्हणाला, "बघू, बसेल कसातरी." तिथेच विषय संपवला. पण पेट्यांचं काय? दीड इंचाने पोरांचे हाल थांबणार नाहीत.

पाटेवाले_काका
नाहीच थांबणार. अरे, उचलायचं दुखणं आहे आणि तू गाडीचं ऑपरेशन करायला निघालास. फाळक्याच्या कडेला अडकेल अशी अ‍ॅल्युमिनियमची रॅम्प बनव आणि बासच्या पेट्यांना ब्रेकवाली चाकं लाव. लांब रॅम्प घे, आखूड घेतलीस तर चढ उभा होतो आणि पेटी अंगावर येते. गल्लीत लांबी पुरत नसेल तर मधे घडी पडणारी. दोन पोरं पेटी ढकलत नेतील.

आणि दिसण्यासाठी तरीही दीड इंच करायचंच असेल तर गणपतीनंतर ये. पाटे हाउसिंगला आवळणारे यू बोल्ट नवीन घेऊन ये, जुने ताणलेले असतात, ते परत लावत नाही मी. आणि माल भरून थोडी फिरवलीस की पुन्हा आवळायला आणायची, विसरायचं नाही.