लैंगिक आजारांच्या क्लिनिकने पेशंटला मेसेज करावा का?

शुभ्रा_क:
मी एका लैंगिक आरोग्य क्लिनिकमध्ये काउन्सेलर आहे. आमच्याकडे सध्या चर्चा चालू आहे की पेशंटना मेसेज पाठवायचे, म्हणजे अपॉइंटमेंटची आठवण, रिपोर्ट आलाय हे कळवणं, आणि उपचारानंतर ३ महिन्यांनी परत टेस्टला या असं सांगणं. माझं मत हो असंच आहे. क्लॅमिडियासारख्या आजारात बऱ्याच जणांना, बायकांना तर जास्तच, काही त्रासच जाणवत नाही. मग होतं काय, माणूस टेस्ट देऊन जातो, बरं वाटतंय म्हणून रिपोर्ट न्यायला येत नाही, फोन केला तर अनोळखी नंबर म्हणून उचलत नाही, आणि इन्फेक्शन मात्र आत चालूच, बाईच्या गर्भनलिकांपर्यंत गेलं तर पुढे मूल राहायला अडचण. ७ दिवसांच्या गोळ्यांनी जाणारी गोष्ट निरोप पोचला नाही म्हणून एवढी वाढते. जीव तुटतो हो बघून. तुम्हाला काय वाटतं?

अंगणवेल:
माझा ठाम विरोध. फोन आपला असतो पण स्क्रीन सगळ्यांची असते. माझ्या मैत्रिणीला अशाच एका क्लिनिकचा मेसेज आला, नावासकट, फोन टेबलावर होता आणि नवऱ्याने वाचला. ती नुसती तपासणीला गेली होती, रिपोर्टही नॉर्मल आला, पण "तू तिथे गेलीसच का" यावरून घरात जे झालं त्यानंतर ती सहा महिने माहेरी होती. क्लिनिकसाठी ती एक ओळ होती. तुम्ही एका इन्फेक्शनचा विचार करताय, मी त्या घराचा करतेय.

शुभ्रा_क:
अंगणवेल, वाचून वाईट वाटलं, आणि नाव घालून पाठवणं ही चूकच. आम्ही नाव, आजार, टेस्ट काहीच लिहिणार नाही. "तुमचा रिपोर्ट तयार आहे, या नंबरवर फोन करा", बस एवढंच.

दोन_शब्द:
आता खरी अडचण इथे आहे. अनोळखी नंबरवरून "रिपोर्ट तयार आहे, फोन करा", हे तर फसवणुकीच्या मेसेजसारखंच दिसतं, आणि त्यात लिंक असली तर संपलंच. म्हणजे मेसेज जितका झाकलेला तितका तो डिलीट होणार, आणि जितका उघडा तितका घरात भडका. शिवाय साधा एसएमएस मोबाईल कंपनीकडे वाचता येईल अशाच स्वरूपात जातो, पेशंटने सिम बंद केलं की काही दिवसांनी तोच नंबर दुसऱ्याला मिळतो. आणि रोमन लिपीत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०. त्यात धीर देणारं वाक्य कुठे बसवणार?

उंबरठा२२:
मला सिफिलिस झाला होता. पहिल्यांदाच लिहितोय हे कुठेतरी. मला मेसेजच आला होता, "कृपया आज फोन करा." ऑफिसात होतो. तेव्हा फोन वाजला असता तर चार लोकांसमोर हं हं करून ठेवून दिला असता आणि परत केलाच नसता, मी मला ओळखतो. मेसेज मी तीनदा वाचला, खाली उतरलो, गाडीत बसून फोन लावला. कधी आणि कुठे ऐकायचं ते मला ठरवता आलं. पेनिसिलिन घेतलं, बरा झालो. त्यामुळे मेसेज नकोच म्हणणाऱ्यांनी हेही बघा की काही लोकांना तेवढीच वाट असते.

नीरजा_म:
उंबरठा, लिहिलंत ते बरं केलंत. पण तुम्हाला तो कामाच्या वेळेत आला. शनिवारी रात्री आला असता आणि क्लिनिक थेट सोमवारी उघडणार असतं तर? आणि अजून एक, बहुतेक ठिकाणी निगेटिव्ह असेल तर "सगळं ठीक आहे" असा मेसेज जातो आणि पॉझिटिव्हला "फोन करा". हे दोन-तीन वेळा टेस्ट केलेल्या कुणालाही माहीत असतं. म्हणजे "फोन करा" हाच निकाल झाला की! एचआयव्हीच्या बाबतीत तर मी हे अजिबात मान्य करणार नाही.

पाणकळा:
एचआयव्हीचंच उदाहरण देतो, उलट्या बाजूने. केनियात झालेला अभ्यास २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. औषधं सुरू केलेल्यांना दर आठवड्याला नर्सकडून एकच मेसेज जायचा, स्वाहिलीत "मांबो?", म्हणजे कसं काय? ४८ तासांत उत्तर द्यायचं, ठीक आहे किंवा अडचण आहे. अडचण म्हटलं, की नर्स फोन करायची. औषधं नीट घेणारे मेसेजच्या गटात २७३ पैकी १६८ निघाले, दुसऱ्या गटात २६५ पैकी १३२. त्या मेसेजमध्ये आजाराचं नावच नव्हतं, कुणी वाचला तरी काय कळणार?

दोन_शब्द:
तो चांगलाच आहे. पण ब्रिटनमधला २०२२ चा अभ्यासही सांगा ना. १६ ते २४ वयाची ६ हजारांवर मुलंमुली, क्लॅमिडिया, गनोरिया वगैरे झालेली, त्यांना सुरक्षित संबंधांबद्दल मेसेज पाठवत राहिले. वर्षभरात परत इन्फेक्शन झालेले मेसेजच्या गटात २२.२ टक्के, दुसऱ्या गटात २०.३. कमी व्हायच्या ऐवजी थोडे जास्तच.

पाणकळा:
मान्य. आजार वेगळे, लोक वेगळे, सरळ तुलना नाही करता येणार. पण मला फरक असा दिसतो की केनियात विचारत होते आणि पलीकडे माणूस बसलेला होता.

अंगणवेल:
शुभ्रा, एक विचारते. तुमच्या फॉर्मवर "मेसेज चालेल का" असं असेल तर काउंटरवर घाईत उभी असलेली बाई हो म्हणूनच टाकते. "तुमचा फोन अजून कोण बघतं" हे विचारता का तुम्ही कुणाला?

शुभ्रा_क:
नाही विचारत. खरंच नाही विचारत. फॉर्म काउंटरवरच भरून घेतात, मागे रांग असते. हे आत, माझ्या खोलीत विचारायला हवं, दार लावून. आणि दोन_शब्दच्या फसवणुकीच्या मुद्द्यावर, पेशंटनेच तिथे एखादा शब्द ठरवायचा, कुठलाही, आणि तो मेसेजमध्ये असेल तरच तो आमचा. शनिवारचं नीरजाचं बरोबर आहे, क्लिनिक उघडं असतानाच आणि फोन उचलायला कुणी असेल तेव्हाच पाठवायचा. सोमवारी मीटिंगमध्ये मांडते.

अंगणवेल:
माझं नाहीच आहे अजून. पण तो शब्द ठरवायचं मांडा. आणि नको म्हणणारीला "मग रिपोर्ट कळवणार कसा" असं ऐकवू नका, तिला स्वतः येऊन विचारायची तारीख द्या.