नोकरी, शेती, घर आणि ऑनलाइन एम.ए. : खान्देशातल्यांनो, वेळ कसा बसवता?

पदवीनंतर बऱ्याच वर्षांनी ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीनं एम.ए., एम.कॉम. करणारे आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पुष्कळ आहेत. आपबीती नको. दुसऱ्याला उद्यापासून वापरता येईल असं लिहा: तास, तारखा, सामान, कुठे अडतं आणि का.

भुसावळ, पाळीची नोकरी
प्रवेशाआधी तासांचा हिशेब मांडा. इग्नूत (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात) एक क्रेडिट म्हणजे ३० तास अभ्यास. एम.ए. साधारण ८० क्रेडिटचं, म्हणजे २४०० तास. दोन वर्षांत संपवायचं तर आठवड्याला २३ तास हवेत. पाळीची ड्युटी आणि लहान पोरं असतील तर ते निघत नाहीत. कमाल मुदत चार वर्षं असते. तीन वर्षांत पसरवलं की आठवड्याला १५ तास पुरतात. म्हणून घरात पहिल्याच दिवशी ‘तीन वर्षं’ असं सांगून ठेवा. दोन सांगून तिसरं मागितलं की कुरबुर होते.

नाईट करून आल्यावर नवा धडा उघडू नका, डोक्यात राहत नाही. त्या दिवशी असाइनमेंट फेअर करा. सेकंड पाळीच्या आठवड्यात सकाळी ९ ते १२ घर शांत असतं, सगळ्यात अवघड पेपर तेव्हाच घ्या. अप-डाऊन करणाऱ्यांनी गाडीत फक्त ऐकायचं ठेवावं. उभ्यानं वाचन होत नाही आणि ते झालं असं समजून आपण पुढे सरकतो.

चोपडा, शेतीचं घर
परीक्षा जून आणि डिसेंबरला, आणि दोन्ही वेळा शेत बोलावतं. पण दोन्ही वेळा सारख्या नाहीत. ठिबकावरचा कापूस मेअखेर-जूनमध्ये लागतो, ते काम काही दिवसांत उरकतं. वेचणी मात्र दिवाळीच्या आधीपासून डिसेंबरपर्यंत चालते, आणि मजूर मिळाले नाहीत तर घरच्यांनाच जावं लागतं. म्हणून जूनला जास्त पेपर, डिसेंबरला एक किंवा दोनच. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली अभ्यास होत नाही. पहाटे साडेचार ते साडेसहा हाच वेळ खरा.

जळगाव, शिक्षक
भुसावळच्या भाऊंच्या हिशेबात एक जोड. माणसं नापास होतात त्यापेक्षा जास्त कागदावर अडकतात.

असाइनमेंट चालू सत्राचीच लिहा. मित्राची मागच्या वर्षीची प्रत घेऊन लिहिली तर मेहनत वाया जाते. हातानं, ए-फोर कागदावर. पहिल्या पानावर नोंदणी क्रमांक, विषयाचा कोड, अभ्यास केंद्र. केंद्रावर दिली तर पोच घ्या, आणि लिहिलेल्या सगळ्या पानांचे फोटो ठेवा. निकालात गुण चढले नाहीत तर तेवढाच पुरावा असतो.

असाइनमेंट दिली म्हणजे परीक्षेला बसलो असं नाही. परीक्षा फॉर्म वेगळा भरावा लागतो, प्रत्येक पेपरची फी वेगळी. अंतिम तारखेआधी आठ दिवस मोबाइलमध्ये गजर लावा. असाइनमेंटला साधारण ३० टक्के भार असतो आणि दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं, त्यामुळे लेखीत भरपूर पडले तरी असाइनमेंटशिवाय पेपर सुटत नाही.

अमळनेर, अंगणवाडी पर्यवेक्षिका
भगिनींनो, आधी नाव तपासा. गुणपत्रिकेवर माहेरचं, आधारवर सासरचं. आता प्रवेशाला डेब आयडी (यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा क्रमांक) लागतो, तो एबीसी आयडीवर (क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याच्या क्रमांकावर) निघतो, आणि नाव जुळलं नाही की तिथेच अडतं. राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र फॉर्म निघण्याआधी तयार ठेवा.

घरच्या कामाचं म्हणाल तर, रोज दोन तास मागू नका, ते मोडतात. आठवड्यातले दोन दिवस पूर्ण संध्याकाळ मागा आणि त्या दिवशी स्वयंपाक कोण करणार ते नाव घेऊन ठरवा. श्रावणात कानबाईचा आठवडा आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नणंदा येतात ते दिवस वेळापत्रकात आधीच कोरे सोडा. आखाजीनंतर जूनच्या परीक्षेला जेमतेम महिनाभर उरतो, त्यामुळे पहिलं वाचन त्याआधी संपलं पाहिजे.

धडगाव
रेंज नसेल तर ऑनलाइन तास चुकणारच. शहादा-तळोद्याला बाजाराला गेलं की आठवड्याचे व्हिडिओ उतरवून घ्या. ३६० पी पुरतं. मोठ्या दर्जाला रोजचा दीड जीबी दोन-तीन तासांत संपतो. पुस्तकं पीडीएफमध्ये, आणि रोजचं एक प्रकरण छापून.

धुळे, बँक
घरून कॅमेऱ्याच्या देखरेखीतली परीक्षा असेल तर आदल्या दिवशी चाचणी लॉगिन करा. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस जोडा, लाइट गेली तरी नेट टिकतं. फोनचा हॉटस्पॉट आधीच लॅपटॉपला जोडून पाहा. उजेड समोरून यावा. खिडकी पाठीमागे असली तर चेहरा काळा दिसतो आणि यंत्रणा हरकत घेते. पाहुणे, शेजारी, दूधवाला सगळ्यांना वेळ सांगून ठेवा, खोलीत दुसरा आवाज आला तरी नोंद होऊ शकते.