माळकरी आहे, पोलीस भरतीची तयारी करतेय, धावताना दम टिकत नाही. हा डबा घेऊ का?

ग्राउंडवाली_लातूर

नमस्कार. माझं वय २२, गाव औसा तालुक्यात. सध्या लातूरला खोली करून पोलीस भरतीची तयारी करते. उंची १५८, वजन ५२. पहाटे पाचला ग्राउंड असतं. ८०० आणि १०० मीटर पळणं रोज, गोळाफेक दिवसाआड. ८०० ची पहिली फेरी चांगली जाते, दुसरीत पायात जीवच राहत नाही. दुपारी अभ्यासिकेत डोळे मिटायला लागतात. केसही बरेच गळताहेत.

घर माळकरी आहे आणि माझ्याही गळ्यात माळ आहे. अंडी, मटण, मासे खात नाही आणि मला ते सुरूही करायचं नाही, तेवढं सोडून सांगा. मेसमध्ये सकाळी पोहे किंवा उपमा आणि चहा. दोन्ही वेळच्या जेवणात अडीच-तीन पोळ्या, पातळ वरण, भाजी, भात. उसळ कधीतरीच. एकादशीला साबुदाणा. खोलीवर गॅस नाही, इलेक्ट्रिक किटली आहे.

जिमचे सर म्हणतात, मास गेनर (वजन वाढवायची पावडर) घे, ताकद येईल. तीन किलोचा डबा २,८०० रुपयांना. रोज १०० ग्रॅम घ्यायचा, म्हणजे महिनाभर जाईल. डब्यावर लिहिलंय की १०० ग्रॅममध्ये प्रथिने १५ ग्रॅम, कर्बोदके ७८ ग्रॅम. पप्पा सोयाबीन लावतात, त्यांच्याकडे एवढे पैसे मागायचे तर खात्री करून मागावेत, म्हणून विचारते.

---

आहारताई_पुणे

डबा घेऊ नकोस. आधी रक्त तपासून घे.

मी खेळाडूंच्या आहाराचं काम करते, कॉलेजात असताना खो-खो खेळायचे. दुसऱ्या फेरीत पाय जाणं, दुपारची झोप आणि गळणारे केस, हे तिन्ही एकत्र ऐकलं की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं लोहाचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. मैदानावर येणाऱ्या मुली त्यातच आल्या, त्या काही वेगळ्या देशात राहत नाहीत. आणि प्रत्येकीला कुणीतरी आधी पावडरच सांगतं, याचा मला मनापासून संताप येतो.

सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी), फेरिटिन, बी१२ आणि डी जीवनसत्त्व, एवढं तपासून घे. सीबीसी सरकारी दवाखान्यात होते. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. पण १२ च्या वर असलं म्हणून निश्चिंत होऊ नकोस. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन बरं दिसत असतानाही तो आटलेला असू शकतो, आणि लांब धावणारीला ते जाणवतं. रिपोर्ट डॉक्टरांना दाखव, गोळीचा डोस तेच ठरवतील. आरोग्य उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची लाल गोळी मोफत मिळते, पण रक्त खरंच कमी निघालं तर आठवड्याला एक गोळी पुरणार नाही. गोळीने शौचाला काळं होतं, घाबरू नकोस.

आणि पाळी नियमित येते का? फार अंगावरून जातं का? की तयारी सुरू केल्यापासून लांबायला लागलीय? इथे लिहायला नको, डॉक्टरांना मात्र नक्की सांग. भरपूर पळायचं आणि पोटात कमी जायचं असं चाललं की शरीर आधी पाळी थांबवतं. त्यातून हाडं कमजोर होतात आणि नडगी दुखायला लागते.

आता मेसचं बघू. सकाळी पोह्यांबरोबर चहा घेतेस, तो तासभर पुढे ढकल. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. उलट लिंबाने ते जास्त शोषलं जातं. पोह्यांवर, वरणावर, उसळीवर लिंबू पीळ. मेसवाल्या काकूंना विचार, एका वेळी पोळीऐवजी भाकरी मिळते का. १०० ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं असं आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था सांगते, त्यामुळे एकट्या भाकरीवर भागणार नाही, पण हातभार लागतो.

प्रथिनांचा हिशोब मांडते. बसून काम करणाऱ्या माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतात, म्हणजे तुला ४३. रोज ग्राउंड करणारीला १.४ च्या वर धरावं, म्हणजे ७३. तुझ्या पोळ्या, पातळ वरण, भात आणि पोहे मिळून मला ३५ च्या पुढे जाताना दिसत नाहीत. म्हणजे ३५-४० कमी पडतात.

ते असे भरून काढ. अर्धा लिटर दूध, १६ ग्रॅम. ३० ग्रॅम सोयावड्या, १५ ग्रॅम. मूठभर शेंगदाणे आणि मूठभर फुटाणे, दोन्ही मिळून १३-१४. झालं. सोयावड्यांसाठी गॅस लागत नाही. किटलीतलं उकळतं पाणी वाटीत घे, वड्या दहा मिनिटं झाकून ठेव, मग थंड पाण्यात घालून घट्ट पीळ. ते पाणी दोनदा टाकून दिलंस की वास जातो. मीठ, तिखट, लिंबू, शेंगदाण्याचं कूट घाल. तुमच्याकडची कारळ्याची किंवा जवसाची चटणी असेल तर तीच भुरभुर, फार छान लागतं.

आता तुझा डबा. रोजचे ९३ रुपये देऊन तुला १५ ग्रॅम प्रथिनं मिळणार, तेवढीच ३० ग्रॅम सोयावड्यांत मिळतात आणि त्या पाच रुपयांच्या आतबाहेर पडतात. राहिलेली ७८ ग्रॅम कर्बोदकं म्हणजे अशा डब्यांत बहुतेक करून माल्टोडेक्स्ट्रिन, मक्याच्या स्टार्चची झटकन पचणारी भुकटी. ती तुझ्या मेसच्या भातात आहेच. वजन वाढवायच्या पैलवानाचं एक वेळ समजू शकते. तुला ५२ किलोच दोन फेऱ्या न्यायचंय, त्यात चार किलो कशाला वाढवायचे?

एका बाबतीत मात्र पावडर-गोळीच्या विरोधात नाही, उलट आग्रह करीन. बी१२. पूर्ण शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातून थोडंफार मिळतं, डाळी-भाज्यांतून मिळत नाही. स्पिरुलिनात असतं म्हणून विकतात, पण त्यातलं बी१२ शरीराच्या कामी येत नाही. रिपोर्टमध्ये कमी आलं तर गोळी घ्यावीच लागेल. ते जिवाणूंपासून बनवतात, त्यामुळे माळेला बाध येत नाही. पण कॅप्सूल घेऊ नकोस, बहुतेक कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असतं. दुकानदाराला साधी गोळी माग. 'डी'चंही तसंच, मऊ कॅप्सूलऐवजी भुकटीची पुडी मिळते. हे डी३ सहसा मेंढीच्या लोकरीच्या मेणातून काढतात, ते चालवायचं का हे तू ठरव. ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सुरू करायची नाही.

---

दूधवाले_काका

ताईंनी सगळं नीट सांगितलं आहे. मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, तेवढ्यापुरतं बोलतो.

पोरी, उद्या कुणी तुला गेनर सोडून व्हे प्रोटीन घे म्हणेल. ते काय असतं ते ऐकून ठेव. दुधातल्या प्रथिनांत साधारण ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे. चीज करताना दूध रेनेट नावाच्या एन्झाइमने साकळतं, केसीनचं चीज होतं आणि हिरवट पिवळं पाणी सुटतं. दहा लिटर दुधामागे किलोभर चीज, बाकी हे पाणी. ते बारीक जाळीच्या पडद्यांतून गाळून आटवतात आणि गरम हवेत फवारून सुकवतात, तीच पावडर. वस्तू वाईट नाही, दूधच आहे. परदेशात काही ठिकाणी रेनेट वासराच्या जठरातून काढतात, तेव्हा माळकऱ्याने हिरवा ठिपका पाहूनच घ्यावं.

बरेच जण घरच्या पनीरचं पाणी व्हे म्हणून पितात. पनीरसाठी आपण दूध उकळतो. त्या उष्णतेने व्हेची प्रथिनं केसीनला चिकटतात आणि पनीरमध्येच जातात. खाली राहतं त्यात मुख्यतः दुधातली साखर आणि क्षार. कणीक भिजवायला उत्तम, पण प्रोटीन म्हणून पिऊ नका.

भेसळीचंही सांगतो, कारण ते माझ्या टेबलावरचं काम होतं. प्रथिनं आम्ही थेट मोजत नव्हतो. नमुना आम्लात शिजवायचा, त्यातला नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.३८ ने गुणायचं. म्हणजे कुणी पावडरीत ग्लायसिनसारखं स्वस्त अमिनो आम्ल मिसळलं तरी, त्यातही नायट्रोजन असल्यामुळे, यंत्रावर आकडा वरच येतो. म्हणून फार स्वस्त डब्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. घटकांच्या यादीत ग्लायसिन, टॉरिन अशी नावं वेगळी दिसली, किंवा 'प्रोप्रायटरी ब्लेंड' म्हणून सगळं एका आकड्यात गुंडाळलेलं असलं, तर डबा परत फळीवर ठेव. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा, परवाना क्रमांक १४ आकडी असतो, तोही बघ.

---

खाकी_ताई

मी सध्या शिपाई आहे, याच वाटेने आले, म्हणून खोलीवरचं सांगते.

मटकी रात्री भिजत घाल, सकाळी ओल्या फडक्यात बांधून खिडकीच्या दांडीला टांग. लातूरच्या उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात. किटलीच्या गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवून मगच खा, कच्ची खाल्ली की ग्राउंडवर पोट बिघडतं. गावाकडून सातूचं पीठ करून आण. दूध आणि गूळ घालून कालवलं की ग्राउंडवरून आल्या आल्या पोटभर होतं, चूल नको की काही नको. पळायच्या अर्धा तास आधी एक केळं खा, उपाशीपोटी पळू नकोस.

घरचं सोयाबीन आहे तर आईला सांग, भाजून, किलोभर गव्हात शंभर ग्रॅम दळायचं. नुसतं भिजवलेलं कच्चं सोयाबीन खाऊ नकोस, त्याने प्रथिनं नीट पचत नाहीत.

आणि एकादशी. मीही धरते. साबुदाण्यात प्रथिनं नसल्यातच जमा आहेत. भगर आणि शेंगदाण्याची आमटी कर, राजगिऱ्याचा लाडू, दूध, दही ठेव. त्या दिवशी वेगाचा सराव लावू नकोस, हलकं पळ.

---

ग्राउंडवाली_लातूर

सगळ्यांचे खूप आभार. काल सरकारी दवाखान्यात रक्त दिलं. हिमोग्लोबिन १०.१ आलंय, बाकीचे रिपोर्ट यायचे आहेत. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. सरांना डबा नको म्हणून सांगितलं, तर ते म्हणाले मग निदान क्रिएटिन घे आणि ग्राउंडच्या (मैदानी चाचणीच्या) दिवशी प्री-वर्कआउट, म्हणजे पळण्याआधी घ्यायची तरतरीची पावडर, घे. आहारताई, याचं काय करू?

---

आहारताई_पुणे

१०.१ वर तू पहिली फेरी नीट मारतेस, म्हणजे तुझ्यात किती दम आहे बघ. गोळी लिंबूपाण्याबरोबर घे, दूध आणि चहापासून दूर. पोटात मळमळलं तर जेवणानंतर घे, पण सोडू नकोस. हिमोग्लोबिन वर यायला काही आठवडे लागतात. ते नॉर्मल आल्यावरही डॉक्टर गोळ्या आणखी काही महिने चालू ठेवायला सांगतील, कारण साठा भरायचा असतो. बऱ्याच मुली नेमक्या तिथेच थांबवतात.

क्रिएटिनबद्दल. ते स्टेरॉइड नाही, खेळात त्याच्यावर बंदीही नाही. आपल्या स्नायूंत ते असतंच, बाहेरून मिळतं ते मांस-माशांतून, म्हणून शाकाहारी लोकांच्या स्नायूंत थोडं कमी असतं. बाजारातलं रासायनिक पद्धतीने बनवलेलं असतं, त्यात प्राणिज काही नसतं. दिवसाला ३ ते ५ ग्रॅम साधं मोनोहायड्रेट पुरतं. गोळ्याला आणि १०० मीटरला त्याचा उपयोग होऊ शकतो. पण स्नायूंत पाणी धरून ठेवल्यामुळे एखादा किलो वजन वाढतं, आणि तुझं दुखणं ८०० मीटरचं आहे. आत्ता तुझ्या पैशाला त्याहून चांगलं काम आहे, दूध लाव. पुढे कधी घेतलंस तर रक्त तपासताना डॉक्टरांना सांग, रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (किडनीचं काम ज्यावरून बघतात तो आकडा) थोडं वाढलेलं दिसतं आणि उगाच किडनीची भीती बसते.

प्री-वर्कआउट अजिबात नको. त्यातला मुख्य भाग कॅफिन असतो, एका मापात दोन-तीन कप कॉफीइतका. न तपासलेल्या पुड्यांत याहून वाईट उत्तेजकं सापडलेली आहेत. छाती धडधडते, हात थरथरतात, आणि त्या हाताने तुला चार किलोचा गोळा फेकायचाय. उद्या पोलीस दलाकडून खेळलीस तर डोप चाचणी होईल, तिथे 'सरांनी दिलं होतं' हे उत्तर चालत नाही. अंगात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची.

आणखी एक. पहाटे पाचला पूर्ण बाह्यांच्या ट्रॅकसूटमध्ये पळून 'डी' मिळत नाही. ते साधारण अकरा ते दोनच्या उन्हात तयार होतं. दुपारी अभ्यासिकेतून जेवायला जाताना बाह्या वर करून पंधरा-वीस मिनिटं उन्हातून जा.

ग्राउंडच्या दिवशी नवीन काहीही खायचं नाही. दोन तास आधी सवयीचं, सातूचं पीठ किंवा गूळ-पोळी. अर्धा तास आधी केळं. उन्हात रांगेत तासन्‌तास बसवतात, तेव्हा लिंबू, मीठ आणि साखरेच्या पाण्याची बाटली बरोबर ठेव आणि घोट घोट पीत राहा. फेरिटिन आणि बी१२ चे आकडे आले की इथेच टाक.