लाइमवुड म्हणजे लिंबाचं लाकूड का?

रंधेवाला, उदगीर
मंडळी, आमचा धंदा देव्हारे, चौरंग अन् दाराच्या चौकटींचा. काम सागवानात, थोडंफार शिवणीत. पुतण्या मोबाइलवर परदेशी कोरीवकाम बघायलाय, आता त्याला 'लाइमवुड'चा ठोकळा पाहिजे. ऑनलाइन विकणारा म्हणतो लिंबाच्या झाडाचं आहे. कोणता लिंब? आपल्याकडं लिंब म्हणजे कडूलिंब. त्याच्या फळ्या मी हयातभर चिरल्यात, त्यात बारीक नक्षी काढायची म्हणजे पटाशीचा जीव जातो. लिंबोणी म्हणाल तर तिचं खोड ते केवढं, एवढा रुंद ठोकळा निघणार कुठून? हे झाड नक्की कोणतं, आणि त्यात पैसे घालावेत का?

मु. पो. लाइपझिग
काका, दोन्ही नाही. मी लातूरचा, सध्या जर्मनीत. इथं या झाडाला 'लिंडे' म्हणतात, आमच्या गल्लीत दुतर्फा तेच आहे. पान बदामी, कडेला दातेरी. जूनमध्ये फुललं की रस्ताभर वास. पण पानांवरच्या माव्याचा चिकटा खाली ठिबकतो आणि झाडाखाली लावलेली गाडी दर आठवड्याला धुवावी लागते, हे कोणी सांगत नाही. जुन्या स्लाव्ह बोलीत या झाडाला 'लिपा' म्हणत, लाइपझिग शहराचं नाव त्यावरूनच पडलं असं म्हणतात. बर्लिनच्या मोठ्या रस्त्यावर 1647 पासून याच्याच रांगा. सर्दी झाली की शेजारच्या आजी वाळलेल्या फुलांचा काढा देतात.

माजी मास्तर, परभणी
वनस्पतीशास्त्र शिकवण्यात नोकरी गेली, त्यामुळं थोडं लांबण लावतो.

शास्त्रीय नाव टिलिया. जुन्या इंग्रजीत 'लिंड'. 'लिंडन' म्हणजे मुळात 'लिंडच्या लाकडाचं'. त्या 'लिंड'चं बोलता बोलता 'लाइन' झालं आणि सतराव्या शतकात 'लाइम'. आंबट फळाचं 'लाइम' अरबीकडून आलेलं, त्याचा याच्याशी संबंध नाही. तुमच्या विक्रेत्याची गफलत तिथंच. झाडांना दोन शब्दांची नावं द्यायची शिस्त लावणाऱ्या लिनियसचं आडनावही याच झाडाचं. घरच्या जमिनीवर मोठं लिंडन होतं, त्यावरून त्याच्या वडिलांनी ते घेतलं.

या झाडाच्या अमेरिकेतल्या भावाला बासवुड म्हणतात, कारण 'बास्ट' म्हणजे सालीच्या आतला वाख. रशियातले शेतकरी त्या सालीचे जोडे विणून घालत, दोर आणि चटयाही करत. साल पाण्यात कुजवायची आणि वाख सोडवायचा. अंबाडी कुजत घातलेली ज्यांनी पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. आणि नातंही आहे बरं का! पूर्वी टिलियाचं कूळ वेगळं धरत, आता ते कापसाच्या कुळात घातलंय. म्हणजे कापूस, भेंडी, अंबाडी ही सगळी त्याची भावकी. आपल्या मराठवाड्यात यापेक्षा जवळचे सोयरे कुठं मिळायचे?

रानातली धामणही त्यातलीच. तिचं शास्त्रीय नावच 'ग्रेविया टिलिफोलिया', टिलियासारख्या पानांची. मात्र तिचं लाकूड चिवट आणि लवचिक. कुऱ्हाडीला दांडा घाला, कावड करा, तिच्यात गणपती कोरायच्या भानगडीत पडू नका.

किनवटकर
मास्तरांनी झाड सांगितलं, मी लाकूड सांगतो. मुखवटे कोरतो, एकदा हे लाकूड हाताखालून गेलंय. वजनाला हलकं, घनमीटरला साधारण 530 किलो. सागवान साडेसहाशेच्या पुढंमागं. रेषा जवळजवळ दिसतच नाहीत, त्यामुळं पटाशी आडवी चालवा की उभी, ढलपी उडत नाही. जर्मनीतला मूर्तिकार रीमेनश्नायडर आणि लंडनच्या सेंट पॉल चर्चमध्ये लाकडाची फुलंपानं कोरणारा ग्रिनलिंग गिबन्स यांचं नाव याच लाकडावर झालं. फाइट स्टॉस या जर्मन मूर्तिकारानं पोलंडमधल्या क्राकोच्या चर्चमधल्या वेदीतल्या मूर्ती यातच कोरल्या, 1477 ते 1489 अशी बारा वर्षं. पण चौकटीला, दाराला चुकूनही नको. ओल लागली की कुजतं आणि किडा तर हमखास धरतो. देव्हाऱ्याला शिवण सोडू नका.

पोराला हात बसवायचाच असेल तर भोकरवरून पुढं तेलंगणातल्या निर्मल गावाला जा. तिथल्या खेळण्यांचं पोनिकी लाकूड पांढरं, मऊ आणि आपल्या हाताजवळचं. विकत आणलेला ठोकळा पहिल्या महिन्यात वाया जाणारच असतो, तो महागाचा कशाला?

रंधेवाला, उदगीर
मागवत नाही मग. मास्तर, धामणीचं बरोबर, आमच्या बसुल्याला तिचाच दांडा आहे. किनवटकर, पोनिकी वाळवलेलं घ्यावं की ओलं? इथं उन्हाळ्यात लाकूड लई तडकतं.

किनवटकर
वाळवलेलंच घ्या. टोकांना मेण लावून सावलीत ठेवा, पत्र्याखाली नको. तरी बारीक चीर गेलीच तर चिंचोक्याच्या खळीत भुसा कालवून भरा, निर्मलचे कारागीर तेच करतात.