डोळे सुजून बंद, मग पापणीवर सोनोग्राफी कशाला?

फोंड्याचा भाचा
चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्या टांगायची चौकट, बांधताना मामा स्टुलावरून घसरले आणि थेट तोंडावर आपटले. हातातल्या चिबडाला खरचटलंसुद्धा नाही. मामांचे डोळे मात्र तासाभरात सुजून गच्च मिटले, शिवाय सारखी झोपेची गुंगी. सीटी स्कॅन झालं. रात्री डॉक्टरीणबाईंनी बंद पापणीवर भरपूर जेल घालून सोनोग्राफीचा प्रोब ठेवला आणि दुसऱ्या हातानं टॉर्च मारला. डोळा बंद असताना टॉर्च कशाला? मी विचारलं तर "बाहुली बघतेय" एवढंच म्हणाल्या. हे बरोबर आहे ना? डोळ्याला अपाय नाही ना?

रात्रपाळीची सिस्टर
अगदी बरोबर आहे. डोक्याला मार असला की आम्ही दर तासाला बाहुल्या बघतो. मेंदूत सूज किंवा रक्तस्राव वाढला तर मेंदूतून डोळ्याकडे येणारी तिसरी नस दाबली जाते आणि बहुतेक वेळा त्याच बाजूची बाहुली मोठी होऊन प्रकाशाला दाद देईनाशी होते. ते वेळेत कळायला हवं. पण पापणी उघडणारच नसेल तर बघायचं कसं? जबरदस्तीनं उघडणं धोक्याचं, आत डोळ्याचा गोळा फाटलेला असू शकतो.
म्हणून प्रोब खालच्या पापणीवर आडवा ठेवून वरच्या बाजूला कलता करतात. स्क्रीनवर करड्या कड्यात काळं वर्तुळ दिसतं, ती बाहुली. प्रखर उजेड पापणीतूनही थोडा आत जातो, वर्तुळ आक्रसतं. एका डोळ्यावर टॉर्च मारला तरी दोन्ही बाहुल्या आक्रसायला हव्यात, म्हणून उजेड इकडे आणि प्रोब तिकडे असंही करतात. डोळ्यासाठी मशीनची ताकद कमी ठेवलेली असते. जेलचा जाड थर घालतात तो प्रोबचा भार डोळ्यावर येऊ नये म्हणून. डोळ्याचा गोळा फाटल्याचा दाट संशय असेल तर मात्र प्रोब टेकवतच नाहीत.

डिचोलीचा एक डॉक्टर
सिस्टर म्हणतात ते खरं, पण ही सीटीची जागा घेणारी तपासणी नव्हे. दोन सीटींच्या मधल्या वेळात काय बदललं ते बघायला ती उपयोगी पडते. त्याच प्रोबनं डोळ्याच्या गोळ्याच्या ३ मिलिमीटर मागे डोळ्याच्या नसेच्या आवरणाची जाडीही मोजता येते. मोठ्या माणसात ती ५ मिलिमीटरच्या वर गेली की कवटीतला दाब वाढल्याची शंका घेतात, पण कोणी ५ धरतं, कोणी ६. म्हणून एका आकड्यावर कोणी निकाल देत नाही.
आणखी एक. मॉर्फिनसारखं औषध चालू असेल तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. काहींच्या जन्मापासूनच थोड्या लहान-मोठ्या असतात. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का?

फोंड्याचा भाचा
झालंय की! डाव्या डोळ्याचं, तीनेक वर्षांपूर्वी.

डिचोलीचा एक डॉक्टर
मग ते आत्ताच जाऊन सांगा, बाब. अशी बाहुली कधी कधी वाकडी असते, नीट आक्रसत नाही. उगाच घाबरगुंडी होईल.

फोंड्याचा भाचा
सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डावी जरा मंद दिसत होती, आता कळलं." कागदावर लगेच लिहून घेतलं. उजवी दर वेळी आक्रसतेय. मामींना हे सगळं समजावून सांगितलं तर म्हणाल्या, तो डोळा आधीपासूनच आळशी.